सुईला घाबरणारे मास्तर

शिलाईचे मास्तर दिवसभर सुईशी खेळायचे, पण तीच सुई कुणी दंडाकडे आणली की त्यांचे डोळे पांढरे व्हायचे. अशा माणसाला घरच्यांनी सुखानं जगू द्यावं की नाही? छे! त्यांचे भाऊजी तर चार माणसांत हटकून हा विषय काढायचे. ताई मात्र कधी हसली नाही. लहानपणी डॉक्टरांनी इंजेक्शन भरायला घेतलं की ती धाकट्या भावाच्या डोळ्यांवर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "झालं, झालं." तेव्हा काहीच झालेलं नसायचं.

आता त्याच ताईच्या पोटातली गाठ काढायची होती. अंगात रक्त इतकं कमी, की ते चढवल्याशिवाय हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताईचा गट बी. भाऊजींनी आपल्या गॅरेजमधली बी गटाची सगळी फौज रक्तपेढीत आणून उभी केली. मास्तरही धडधडत्या छातीनं आले, तर भाऊजी म्हणाले, "तुमचा गट ओ. तुम्ही काय कामाचे? जा, ताईजवळ बसा." मास्तरांचा जीव भांड्यात पडला, आणि त्याची त्यांना लाजही वाटली. वर जाऊन त्यांनी ताईचा हात हातात घेतला. तो पांढराफटक होता आणि थंडगार.

दुपारी भाऊजी आले ते चेहरा पाडून. "एकाचंही जुळत नाही हो. सगळे बी, तरी नाही."

दोघं खाली गेले. रक्तपेढीतल्या बाईंनी नळी उजेडात धरून दाखवली. तळाशी लाल गुठळ्या झाल्या होत्या. "रक्ताच्या पेशींवर ए आणि बी सोडून आणखी खूप खुणा असतात. त्यातली एक जवळजवळ सगळ्या जगाकडे असते, ताईंकडे नाही. बाळंतपणात मुलाचं रक्त त्यांच्यात थोडं मिसळलं, ती खूण शरीराला परकी वाटली आणि त्यानं तिच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार केल्या. आता ती खूण असलेलं कुठलंही रक्त दिलं तर त्या तुटून पडतील."

मास्तरांना चटकन कळलं. कॉलरचा नंबर जुळला म्हणून खांदा बसतोच असं नाही.

"सख्खं भावंड कुणी आहे? तिथे सापडण्याची बरीच आशा असते."

"हे आहेत, पण यांचा गट ओ," भाऊजी म्हणाले.

"मग चालतो की! ओच्या पेशींवर ए नाही, बी नाही. त्या बी गटाला चालतात. तपासायला थोडं रक्त द्या बघू."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी त्यांनी बाही वर केली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. बाईंनी त्यांच्या पेशी ताईच्या रक्तातल्या पाण्यात मिसळल्या, वाट पाहिली, नळी हलवून पाहिली. गुठळी नाही. पुन्हा करून पाहिलं, तरी नाही. भाऊजी मटकन बाकावर बसले आणि चारचौघांत रडले.

खरी कसोटी पुढेच होती. पिशवी भरायची सुई मास्तरांच्या दाभणाएवढी होती. ती पाहून खोली फिरायला लागली, तेवढ्यात डोळ्यांवर एक हात आला. खरखरीत, ग्रीसच्या वासाचा. "झालं, झालं," भाऊजी म्हणाले. "तुमची ताई असंच म्हणायची ना?" पिशवी भरल्यावर त्यांनी हात काढला आणि म्हणाले, "मास्तर, उपकार झाले हो."

"माझ्या ताईला देतोय," मास्तर म्हणाले. "उपकार कसले?"

रक्त चढलं, ऑपरेशन झालं, गाठ निघाली. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या सकाळी ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझं रक्त घातलंय माझ्यात. आता मीही सुईला भ्यायला लागले तर?"

मास्तर हसणार, तोच नर्स ट्रे घेऊन आली. ताईच्या हातातली सलाइनची सुई काढायची होती. मास्तरांनी चटकन मान फिरवली, पण उशीर झाला होता. ते तसेच खाटेच्या कडेवर टेकले.

ताईनं दुसरा हात उचलला आणि भावाच्या डोळ्यांवर ठेवला. "झालं, झालं."

हात उबदार होता.