फोटो तीनचा पत्ता

“कल्याणनं म्हणं भीमानानांचा फोटू पुसूनच टाकला, आन् आता...” फोटो स्टुडिओच्या बाकावरची बाई एवढं बोलली आणि गप्प झाली. खुद्द मालनबाईच दुकानाची पायरी चढत होत्या. नाना म्हणजे त्यांचे मालक, नवरा. गेल्या आठवड्यात गेले.

पुढचं ऐकायचं राहिलं. ऐकायची हौस मात्र पहिल्यापासून दांडगी. मी एक पत्ता आहे. घराचा नव्हे, फोटोचा. सोनईत कल्याणचा स्टुडिओ आहे, तिथल्या कॉम्प्युटरमध्ये मी राहतो.

माझा जन्म नऊ वर्षांपूर्वीचा. कल्याणनं नाना आणि मालनबाईंना निळ्या पडद्यापुढं बसवलं. “मावशी, हात ठेवा नानांच्या खांद्यावर. फोटोत ते वरडत न्हाईत,” म्हणाला आणि तीन फोटो काढले. तिसरा बरा आला. कल्याणच्या बायकोनं, अश्विनीनं, तो ठेवून दिला आणि गिऱ्हाइकांच्या यादीत मला लिहिलं. आधी ‘डी’, म्हणजे कॉम्प्युटरमधला एक मोठा कप्पा, मग ‘ग्राहक’, मग ‘जोडपी’, मग ‘भीमा मालन’, शेवटी ‘फोटो ३’. दोन तुकड्यांच्या मध्ये मागे कललेली एकेक काठी. जिल्हा, तालुका, गाव, गल्ली, घर, तसंच हे. काठी आली की थांबायचं, दार उघडायचं, पुढच्या खोलीत जायचं.

दारापर्यंत नेणं एवढंच माझं काम. आत काय चाललंय ते पत्त्याला दिसत नाही. पूर्वी याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही.

दिवाळीत मशीन फार रेंगाळायला लागलं, म्हणून अश्विनीच्या भावानं विंडोज काढून लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाकली. फोटो जसेच्या तसे इकडं आणले. पण या घरची रीत निराळी. इथं ‘डी’ नावाचं कुणी नाही, सगळं एकाच मुळातून फुटतं. काठीही पुढं कललेली लागते. माझी मागे कललेली काठी इथं नावातलं एक साधं अक्षर धरतात. म्हणजे माझे तुकडेच पडेनासे झाले. सबंध पत्ता हेच एका फोटोचं नाव समजून मशीन त्याला शोधायचं. पाकिटावरचं गाव-गल्ली-घर सगळं एका माणसाचं नाव समजून पोस्टमननं हाका मारत फिरावं, तसं.

यादी मात्र जुनीच राहिली होती. ती बदलायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मालनबाई काउंटरपाशी उभ्या राहिल्या. “घावला का रं?”

“सकाळधरनं बघतोय, मावशी. अशी फाईल न्हाई म्हनतंय.” कल्याणनं मान वर केली नाही. “दुसरा एखादा चालंल का? मोबाईलमधला?”

“मोबाईलमदी ते पाठमोरं हायेत, नाहीतर बैलाम्होरं.” मालनबाईंचा आवाज सपाट होता. दळण टाकायला आल्यासारखा. “उद्या दहावा हाय. पर मला त्योच पायजे. त्यात आमी दोगं हावोत. परत कवा बसलोच न्हाई तसं.”

अश्विनीनं कल्याणला खुर्चीवरून उठवलं. “तुमी त्याला एका दमात हाक मारताय. तोडून वाचू.” तिनं यादीत माझ्यावर बोट ठेवलं. “हे ‘डी’ सोडा. त्याच्या जागी ‘जुनं’ हाय, भावानं सगळं त्यात ओतलंय. मग ‘ग्राहक’. उघडला. मग ‘जोडपी’. मग हे काय, ‘भीमा मालन’.”

“आन् शेवटाला?” मालनबाईंनी विचारलं.

“फोटो तीन. हाय की.”

बाकावरची बाई मान लांब करून बघत होती. अश्विनीनं फोटो उघडला.

स्क्रीनवर नाना होते. फेटा, मिशी, सगळं स्वच्छ. मागं निळा पडदा नव्हता, भगवं आकाश होतं. शेजारी कुणी नव्हतं. खांद्यावर चार बोटं तेवढी होती आणि मनगटापाशी हिरव्या बांगडीचा तुकडा.

कल्याणला आठवलं. “नाना डेअरीचे चेअरमन झाले, तवाचा बॅनर. घाई हुती, मावशी. कापलं आन् त्याच नावानं जुन्यावरच सेव्ह केलं. समदेच बॅनर मी तसंच...”

“मंग मी कुटं गेले?”

“गेलं ते, मावशी.”

“आदल्या दोन्हीत?”

“ते मी तवाच काढून टाकले. एकात नानांचे डोळे मिटलेले, एक हाललेला.”

मालनबाई स्क्रीनजवळ वाकल्या. रडल्या नाहीत. “दे ह्योच. मोठा कर,” म्हणाल्या. “त्यी बोटं काढू नगंस.”

बाकावरच्या बाईचं बोलणं अर्धंच खरं निघालं. नाना पुसले गेले नव्हते.

अश्विनीनं त्याच दुपारी यादीत मला दुरुस्त केलं. ‘डी’ गेलं, काठ्या पुढं कलल्या. मला त्याचं सुख नाही, दुःखही नाही. सांगायचं एवढंच, की कापलेलं काही ठेवायचं असेल तर त्याला नवं नाव द्या. माझ्यावर आणून ठेवू नका. मी हाक मारली की नेतो, आता अगदी नीट नेतो. ‘जोडपी’ लिहिलेलं दार उघडतो आणि आत नाना एकटे बसलेले असतात.