डोळ्याखालची जागा

हेस्टरने काडीला कापूस गुंडाळला, द्रावणात बुडवला, राणीच्या गालापर्यंत नेला आणि मागे घेतला. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

ओकच्या फळीवर रंगवलेली एलिझाबेथ राणी. वयाने साठीची, पण चेहरा कोवळा. त्याखाली दुसरा, म्हातारा चेहरा असल्याचं क्ष-किरणांत दिसलं होतं. वरचा रंग मागाहून कुणीतरी चढवला असणार, असं धरून संग्रहालयाचे संचालक उतावीळ झाले. त्यांच्या आग्रहापायी हेस्टरने काल, रंगाची तपासणी होण्याआधीच, डोळ्याखालची नखाएवढी जागा उघडली. तिथे एक सुरकुती निघाली होती.

शेजारच्या खोलीतून नॉर्मन आला. सूक्ष्मदर्शकाचं काम त्याच्याकडे होतं.

"बोल की. तोंड पाडून काय उभा आहेस?"

"दोन रंगांमध्ये धूळ नाही, वार्निश नाही. एकमेकांत मिसळलेत ते. खालचा वाळलासुद्धा नव्हता गं. चिताऱ्याने स्वतःच झाकलाय."

हेस्टर स्टुलावर टेकली.

"दरबारातलं कुणी बघायला येतंय म्हणून कळलं असेल," नॉर्मन म्हणाला. "राणीला म्हातारी का काढलीस, म्हणून विचारलं तर? पाचावर धारण बसली असेल बिचाऱ्याची."

"आणि त्याचा रंग मी पुसला. कापसाबरोबर कचऱ्यात गेला."

"सर येतायत जेवण झाल्यावर. सरळ सांगून टाक. घाई त्यांचीच होती."

"काडी माझ्या हातात होती."

"त्यांच्या हातात असती, तर बाईसाहेबांचं नाक गेलं असतं."

ती हसली नाही. "सांगते मी. तू जा. दार लोटून घे."

दार लागलं. तिने उघड्या जागेवर वार्निशचा पातळ हात दिला. तो पुरता वाळल्याशिवाय वर रंग लावायचा नाही, म्हणजे आपली दुरुस्ती पुढे कुणालाही पुसता येते, हे ती नव्या लोकांना बजावून सांगायची. मग तिने पांढऱ्यात चिमूटभर शेंदरी घोटला. गालाशी धरून पाहिला. पुन्हा घोटला. उठून खिडकीशी गेली, परत आली.

जिन्यावर बुटांचा आवाज झाला. संचालक कुणाला तरी मोठ्याने सांगत होते, "आता बघाच तुम्ही, खरी राणी!"

हेस्टरने वार्निशला करंगळी लावली. चिकटली. पावलं वळणावर आली होती. तिने ब्रश टेकवला.