बावीस नंबरचं पोरगं

टॉलिव्हर कॉलेजच्या मैदानाबाहेर जे पिकानचं झाड आहे, त्याच्या सावलीत अडतीस वर्षं सामन्याच्या दिवशी पिकेट घराण्याचाच तंबू लागतो. बाकीचे येतात, गाड्या लावतात, मांस भाजायला भट्ट्या पेटवतात, पण त्या झाडाखाली कोणी चाक घालत नाही. एकदा एका दातांच्या डॉक्टराने घातलं होतं. व्हर्लीन पिकेटने त्याला असं काही सुनावलं, की तो सामना न बघताच घरी गेला.

मोसमाचा पहिला शनिवार होता. अलाबामाचं ऊन सकाळी नऊलाच डोक्यावर चढलेलं. झाडाच्या फांदीला तारेने एक काळं लोखंडी झाकण टांगलं होतं. व्हर्लीनच्या नवऱ्याच्या, वेंडेलच्या, पहिल्या भट्टीचं. भट्टी गंजून गेली, अकरा वर्षांपूर्वी वेंडेलही गेला, झाकण तेवढं राहिलं. बँड वाजतगाजत मैदानाकडे निघायच्या आत घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने त्या झाकणावर खडूने आकडा लिहायचा: यंदा आपले बगळे बारापैकी किती सामने जिंकणार. मोसम संपेपर्यंत तो पुसायचा नाही. बगळे म्हणजे टॉलिव्हरचा फुटबॉलचा संघ; अमेरिकी फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचं नि पळणाऱ्याला पाडायचं. आणि खडूची जागा म्हणजे व्हर्लीनच्या ॲप्रनचा उजवा खिसा. गेल्या पाच वर्षांत ती तीनदा नेमकी बरोबर निघाली होती, दोनदा एकाने चुकली होती. शेजारच्या तंबूंतली माणसं तिचा आकडा बघायला मुद्दाम येत.

यंदा मात्र घोडं अडलं होतं एका पोरावर. टेरिल गेन्स, पहिल्या वर्षाचा, चेंडू घेऊन पळणारा गडी. बावीस नंबर.

"तो बुटका आहे हो वहिनी," धाकटा दीर डॉयल म्हणाला. पाय लांब करून तो उकडलेले शेंगदाणे फोडत होता आणि टरफलं बरोबर तिच्या पायाशी टाकत होता. "मंगळवारी कुंपणाच्या जाळीतून बघितला मी. शेंगदाण्याएवढा. आणि हाताला काय तूप लावून येतो देव जाणे! तीनदा चेंडू सांडला."

"बुटका?" व्हर्लीनने भट्टीवरच्या बरगड्या उलटता उलटता चिमटा त्याच्यावर रोखला. "भावजी, मी सराव सामन्याला तीन तास उन्हात बसले होते. ते पोरगं दाराएवढं उंच आहे. पळतं कसं, नि लगेच समोरच्याला आडवं कसं करतं! बुटका म्हणे. तुम्ही बहुतेक पाणी देणाऱ्याला बघून आलात."

"आडवं करतो? अहो, तो पळणारा आहे! त्याने कशाला कोणाला आडवं करायचं? त्याला बाकीचे आडवं करतात."

"म्हणूनच म्हणते, असलं पोरगं तुम्ही जन्मात बघितलेलं नाही."

पर्सीने घसा खाकरला. पर्सी म्हणजे निवृत्त टपालवाला. शेजारचा तंबू त्याचा, पण जेवायला तो इकडेच असतो. "व्हर्लीनबाई, पेपरात तर पाच फूट आठ इंच छापलंय."

"त्याच पेपराने वेंडेल गेला तेव्हा त्याचं वय सहा वर्षांनी कमी छापलं होतं. तो कमी वयाचा झाला का त्याने?"

पर्सीने ताटलीतलं आणखी एक उकडलेलं अंडं उचललं.

वरकरणी व्हर्लीनचा आवाज खणखणीत होता, पण आतून ती पुरती चक्रावलेली होती. तीन आठवडे झाले, सराव सामन्यातली एक गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. बावीस नंबर चेंडू घेऊन सुटला, हे तिने बघितलं. मग समोरून कोणीतरी धावत आलं आणि धाडकन आदळलं. धुरळा बसला, तर खाली पडलेला होता बावीस, आणि वर उभा राहून मूठ उगारणाराही बावीसच. स्वतःनेच स्वतःला पाडलं की काय? तिने चष्मा पुसला. पुन्हा बघितलं तर दोघेही घोळक्यात मिसळून गेलेले. शेजारी कोणाला विचारावं, तर व्हर्लीन पिकेटने फुटबॉलमधलं काही कोणाला विचारल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं.

शिवाय विचारलं असतं तर दुसरंच उघडं पडलं असतं. ईस्टरपासून तिच्या उजव्या डोळ्यावर साय धरल्यासारखं झालं होतं, आणि आता डावाही त्याच वाटेला लागला होता. मीठ ती बोटांनी चाचपून घाली. शिवणकाम सोडलं, ते 'कंटाळा आला' म्हणून. लेकीला, रोंडाला, तिने यातलं काही कळू दिलं नव्हतं.

आणि एवढं असताना चर्चच्या जेवणावळीत, सगळ्यांदेखत, तिने जाहीर केलं होतं: हे पोरगं पळतंही आणि पाडतंही, यंदा नऊ सामने आपले. डॉयल तिथल्या तिथे म्हणाला होता, "वहिनी, पोराची पारख चुकली असेल, तर खडू माझ्याकडे." आणि तीही सगळ्यांदेखत 'दिला' म्हणून बसली होती.

"आई, बँड जमायला लागलाय," रोंडा म्हणाली. "लिहून टाक ना एकदाचं."

"लिहिते गं. घाई काय आहे!"

तेवढ्यात गाड्यांच्या रांगेतून एक बाई येताना दिसली. बाई व्हर्लीनला धूसरच दिसत होती, पण तिच्या छातीवरचा बिल्ला थाळीएवढा होता. खेळाडूंच्या आया लेकराचा फोटो नि नंबर छापून लावतात, तसला. त्यावरचे दोन ठळक आकडे कोणालाही वाचता आले असते.

"बावीस!" व्हर्लीन ओरडली. "अगं ए बाई, इकडे ये! बावीसची आई ना तू?"

बाई थबकली. "हो. का?"

"का म्हणजे? ये, बस. रोंडा, खुर्ची दे तिला. ती नको, पाठीची दे. भावजी, पाय घ्या." पाहता पाहता बाईच्या हातात बरगड्यांची ताटली आली, वर बटाट्याचं सॅलड, बाजूला बर्फाचा गोड चहा. बाईचं नाव लॅव्होन. टेक्सासहून रात्रभर गाडी चालवत आली होती आणि कालपासून तिच्याशी कोणी धड बोललं नव्हतं. तिने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"आता मला एवढंच सांग," व्हर्लीन म्हणाली, "तुझा मुलगा बुटका आहे का?"

"बुटका?" लॅव्होन हसली. "सहा फूट दोन इंच. दाराच्या चौकटीला डोकं आपटतं त्याचं."

व्हर्लीन डॉयलकडे वळली. तिने चिमटा दोनदा वाजवला.

डॉयल लाल झाला. "बरं, पण चेंडू? चेंडू सांडतो की नाही?"

"आजवर एकदाही नाही सांडला," लॅव्होन म्हणाली. "त्याला देतंय कोण चेंडू? तो बचावात खेळतो. समोरच्याला पाडायचं, एवढंच त्याचं काम."

तंबूत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.

"टेरिल बचावात?" पर्सी म्हणाला.

"टेरिल कोण? माझा कॉर्टलंड. तिसऱ्या वर्षाचा आहे, यंदाच या कॉलेजात आला. कोचने शब्द दिला होता, जुनाच नंबर मिळेल म्हणून." लॅव्होनने घास खाली ठेवला. तिला वाटलं, आता ताटली परत मागतात की काय. "तुमच्याकडे आणखी एक बावीस आहे म्हणे. पळणारा. छोटंसं पोरगं. चढाईवाल्यांत एक नि बचावात एक, चालतं ना तसं? दोघे एका वेळी मैदानात नसतात."

चालतं, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. दुसऱ्या कॉलेजांत सर्रास चालतं. पण टॉलिव्हरमध्ये बावीस कधी दोघांना दिला नव्हता. बावीस म्हणजे पळणारा, हे इथे पोरं पाळण्यात शिकतात. नव्या कोचला पाळण्यातलं कोणी सांगितलं नसावं. पाठीवर नावं असती तर घोटाळाच झाला नसता. पण टॉलिव्हरच्या जर्सीवर नाव नसतं. बारा वर्षांपूर्वी कॉलेजने नावं घालायचं काढलं, तेव्हा गावभर सह्या गोळा करत फिरून ते कोणी हाणून पाडलं होतं? व्हर्लीन पिकेटने. 'नाव संघाचं, पोराचं नाही,' असं तीच भर सभेत म्हणाली होती.

डॉयल सावकाश उठला. "पण वहिनी, सराव सामन्यात चढाईवाले पांढऱ्या जर्सीत होते, नि बचाववाले पिवळ्या. आंधळ्यालाही कळलं असतं कोण कुठला ते."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. हातातला शेंगदाणा त्याने तसाच ठेवला.

रोंडा आईकडे बघत होती. व्हर्लीनला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण लेक कशी बघते ते कळायला डोळे लागत नाहीत. दूरवर ढोल सुरू झाले होते. 'उन्हाने डोळे दिपले होते,' असं तिला म्हणता आलं असतं. कोणी हूं की चूं केलं नसतं. डॉयलनेही नाही.

"मला दोन्ही सारख्याच दिसल्या," ती म्हणाली. "ईस्टरपासून तसंच दिसतंय. रोंडा, तोंड वाकडं करू नकोस. सोमवारी ने मला डॉक्टरकडे. आज कोणी हा विषय काढायचा नाही."

तिने खिशात हात घातला, खडू काढला आणि हात पुढे केला. "घ्या भावजी. दोन पोरांचं एक करून बसले मी. दिला म्हटलं होतं, दिला."

अकरा वर्षं डॉयलने या खडूसाठी जीव टाकला होता. आता तो हातात आला, तर झाकणासमोर जाऊन तो नुसता उभा राहिला. ढोल जवळ आले. शेजारच्या तंबूंतली माणसं माना उंचावून बघायला लागली.

"लिहा की," पर्सी म्हणाला.

"लिहितो रे!" त्याने खडू टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग मान न वळवता हळूच म्हणाला, "वहिनी... किती?"

हसावं की रागवावं ते व्हर्लीनला कळेना. तिने मनात हिशेब मांडला. पळणारं पोरगं लहान आहे, चेंडू सांडतं. पण बचावाला दाराएवढा गडी आलाय, आणि तो काय करू शकतो ते तिने बघितलंय. कोणाला पाडलं ते नसेल दिसलं, आवाज तर आला होता.

"नऊ नाही व्हायचे. सात," ती म्हणाली.

खडू खरखरला. व्हर्लीनने कान दिला. सात म्हणजे एक आडवी रेघ, मग एक तिरकी, संपलं. हा खडू गोल गेला, पुन्हा गोल गेला, आणि थांबायचं नावच घेईना.

"भावजी, आठ कशाला काढलात?"

डॉयल दचकला. त्याने एकदा झाकणाकडे बघितलं, एकदा तिच्या डोळ्यांकडे. "ते... बुटक्यासाठी एक," तो पुटपुटला. "चेंडू सांडतो, कबूल आहे. पण तिन्ही वेळा त्याने स्वतःच झडप घालून परत घेतला हो. सोडत नाही पोरगं."

"हे आधी का नाही बोललात? मंगळवारपासून नुसतं बुटका, बुटका!"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?"

बँड तंबूसमोरून निघाला तसं कोणाचंच कोणाला ऐकू येईना. झाकणावर काहीतरी पांढरं होतं, व्हर्लीनला एवढंच दिसत होतं. खडू परत मागावा की राहू द्यावा, तिला ठरवता येईना. मग तिने ॲप्रन सोडला, डॉयलच्या खुर्चीवर टाकला आणि लॅव्होनचा दंड धरला.

"चल बाई. आज तू माझ्या शेजारी बसायचं. बावीस आला की लगेच सांगायचं, तुझा की आमचा. आणि कोणी आपटलं, तर वर कोण नि खाली कोण तेही."