बिनटायरची सायकल

चिठ्ठीवरचा लाल ठिपका लुआला आधी पानाच्या पिंकेचा डागच वाटला. युनियनचे तोआन साहेब दिवसभर पान चघळत आणि चिठ्ठ्या त्यांनीच बसून कापलेल्या, त्यामुळे तसं वाटण्यात तिची काही चूक नव्हती. तिने चिठ्ठी चुरगाळून खिशात कोंबली आणि ती आपल्या मागाकडे वळली. शेजारच्या मागावरची दाओ पाठोपाठ आली, खिशात हात घालून चिठ्ठी ओढून काढली, उजेडात धरली आणि मटकन खाली बसली.

"लुआताई, हा शिक्का आहे," ती म्हणाली. "तुला सायकल लागली."

एक्याऐंशी सालची ही गोष्ट. नाम दिन्ह शहरातल्या त्या कापडगिरणीत विणकाम खात्यात बासष्ट माणसं होती आणि दर तीन महिन्यांनी खात्याच्या वाट्याला ज्या वस्तू येत त्या बासष्टांना पुरतील अशा कधीच नसत. मग तोआन साहेब आपली शंकूची टोपी उलटी धरत आणि सगळ्यांनी एकेक चिठ्ठी उचलायची. कुणाला सायकलची चेन मिळे, कुणाला पायडलांची जोडी, कुणाला आरे. ज्याला चेन मिळाली त्याच्याकडे सायकल असेलच असं नाही, पण चेन मिळाली की ती घ्यायची, तेल लावून कागदात गुंडाळायची आणि कधीतरी कुणाशी तरी बदलायची. अख्खी सायकल वर्षाकाठी एक यायची. लुआ नऊ वर्षं टोपीत हात घालत होती. नऊ वर्षांत तिला एक घंटी मिळाली होती.

तिचं गाव नदीपलीकडे, आठ किलोमीटरवर. होडीची वाट बघण्याचा वेळ धरून जायला दोन तास, यायला दोन तास. पहाटपाळी असली की कोंबडं आरवायच्या आधी निघावं लागे. पण सायकल तिला स्वतःला हवी होती असं म्हणता येणार नाही. तिला सायकल चालवताच येत नव्हती. ती होडीवरच्या माणसांची पोर. लग्न होऊन जमिनीवर आली तेव्हा तिला नीट उतारावरून चालायचीही सवय नव्हती. सायकल हवी होती ती विएनसाठी.

विएन तिचा नवरा. लढाईवर जायच्या आधी तो पोस्टात होता. सायकलवर टपालाची थैली टाकून बंधाऱ्याबंधाऱ्याने चौदा गावं फिरायचा. दोन्ही हात सोडून, एका हातात पेरू आणि दुसऱ्यात पत्र, असा तो होडीच्या धक्क्यावर यायचा आणि लुआची आई म्हणायची, हा पोरगा एक दिवस पत्रासकट नदीत जाणार. बहात्तर साली तो दक्षिणेत लढायला गेला आणि त्याच वर्षी परत आला तेव्हा डावा पाय मांडीपासून नव्हता. तेव्हापासून तो दारात बसून लव्हाळ्याच्या चटया विणत होता. चिडायचा नाही, प्यायचा नाही. फक्त बंधाऱ्याकडे पाठ करून बसायचा. एका पायाने सायकल चालवणारी माणसं लुआने शहरात पाहिली होती, पायडलला पाय बांधून. तेवढ्या एका गोष्टीवर तिने नऊ वर्षं टोपीत हात घातला होता.

सायकल घ्यायला ती सरकारी दुकानात गेली तेव्हा कळलं की सायकलला टायर नाहीत. मडगार्ड होते, कॅरिअर होतं, दिव्याची दांडीसुद्धा होती, पण चाकं नुसती लोखंडी. रबर आलेलं नाही, काउंटरवरची बाई म्हणाली, येईल तेव्हा येईल, नको असेल तर तसं सांगा, मागे माणसं उभी आहेत. लुआने घाईघाईने कागदावर सही केली. नुसत्या धावेवर सायकल ढकलली तर चाकं वाकडी होतील एवढं तिला कळत होतं. म्हणून तिने ती खांद्यावर घेतली.

आठ किलोमीटर. अर्ध्या वाटेत तिने खांदा सतरा वेळा बदलला असेल. होडीवाल्याने तिला येताना पाहिलं आणि वल्हं मारायचं थांबवलं. "वहिनी," तो म्हणाला, "सायकल तुला घेऊन चाललीय की तू सायकलला?" होडीतली सगळी हसली. लुआही हसली, नवी सायकल खांद्यावर असलेल्या बाईला कुणाचंच काही लागत नव्हतं.

विएनने चटईवरून मान वर केली, सायकलकडे पाहिलं. जवळ आण म्हणाला. पुढचं चाक बोटाने फिरवलं, कान लावून ऐकलं आणि आरे ढिले आहेत एवढं बोलून पुन्हा लव्हाळं उचललं. रात्री जेवताना लुआने विषय काढला. नंबरपाटीसाठी पोलिसचौकीत कागद करायचा होता, तेव्हा तुमच्या नावावर करते, असं ती म्हणाली.

"मी काय करू नावाचं," विएन म्हणाला.

तिला राग आला. दुसऱ्या दिवशी तिने कागदावर स्वतःचं नाव घातलं, फाम थी लुआ, आणि पाटी आणून त्याच्या समोर ठेवली. संध्याकाळी पाटी सायकलला बसवलेली होती, सरळ, दोन्ही स्क्रू नीट आवळलेले.

आता टायर. एक टायर दाओकडे होता, हे सगळ्या खात्याला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी तिला चिठ्ठीत लागला होता, ट्यूबसकट, एकच. दुसरा त्राक मिस्त्रींकडे, तो तर चार वर्षांचा. मिस्त्री माग दुरुस्त करायचे, अठ्ठावन्न वर्षांचे, बायको वारलेली. त्यांनी टायर घरात पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर टांगला होता. उंदीर तिथे जात नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दाओचं लग्न ठरलं होतं आणि तिला रेशनच्या कापडाची कुपनं हवी होती. लुआने स्वतःची आणि विएनची वर्षाची कुपनं तिला दिली. त्या वर्षी दोघांनीही जुन्याच सदऱ्यांना ठिगळं लावली. लग्नाच्या दिवशी दाओने नवी रेशमी विजार घातली होती आणि ती येईल त्याला म्हणत होती, माझ्या विजारीचा एक पाय लुआताईचा आहे बरं का.

त्राक मिस्त्रींना कुपनं नको होती. त्यांनी बराच वेळ हुक्क्याची नळी गुडगुडवली. मग त्यांनी सांगितलं की आई अजून आहे, नव्वदीला टेकलीय, वीस किलोमीटरवरच्या गावात एकटी असते. चालत जायचं तर रविवार जाण्यातच संपतो. एक रविवार सोडून एक रविवार सायकल मला दे, टायर तुझा. लुआ लगेच हो म्हणाली. पण मिस्त्रींनी हात वर केला.

"घरी विचारून ये. सायकल दर पंधरवड्याला दुसऱ्याच्या बुडाखाली जाणार, हे नवऱ्याला चालेल का?"

विएनला चाललं. त्यानेच टायर चढवले. चार वर्षांच्या रबराला त्याने खोबरेल चोळलं, दिवसभर उन्हात ठेवलं, आणि संध्याकाळी हवा भरून चाक पाण्याच्या पातेल्यात फिरवत बसला, बुडबुडा येतो का बघत. त्याचा चेहरा इतका मन लावून बघणारा झाला होता की लुआ चुलीपाशी बसल्या बसल्या भात विसरली. भात तरी कसला, अर्ध्याहून जास्त ज्वारीच असायची त्यात. सगळं करपलं.

सायकल तयार झाली आणि घरात उभी राहिली. दांड्याला लुआने गिरणीतल्या चिंध्यांच्या पट्ट्या गुंडाळल्या, रंग जाऊ नये म्हणून. पंधरवड्यातून एकदा मिस्त्री येऊन ती घेऊन जात आणि परत आणताना आईने दिलेली रताळी ठेवून जात. बाकीचे तेरा दिवस ती भिंतीला टेकून असे आणि लुआ तिच्या शेजारून चालत कामावर जाई. विएनला चालवा म्हणायची तिची हिंमत होत नव्हती. आपोआप होईल असं वाटत होतं.

महिन्याभराने एका दुपारी पाळी संपवून ती घरी आली. विएन नेहमीसारखा चटईशी बसलेला. पण कपडे बदललेले, केस ओले, कोपराला चिंधी बांधलेली. सायकल भिंतीला होती, स्वच्छ पुसलेली. लुआने पाणी प्यायच्या निमित्ताने वाकून पाहिलं. चेनमध्ये हिरवं काहीतरी अडकलं होतं. शेवाळातलं ते बारीक पान, जे फक्त सहकारी संस्थेच्या बदकांच्या तळ्यात होतं. शेजारीण कुंपणापलीकडून काहीतरी सांगायला आली होती, लुआने डोळ्यांनीच तिला परत पाठवलं. रात्रभर त्याच्या कोपराला धक्का लागू नये म्हणून ती एका कुशीवर झोपली.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर, गाव दुपारचं झोपलेलं असताना, विएन कुबड्या घेऊन उठला. "सायकल घे बाहेर," तो म्हणाला.

लुआने घेतली. तो तिला सहकारी संस्थेच्या भात वाळवायच्या अंगणात घेऊन गेला. अंगण फरशीचं, रिकामं, उन्हाने पांढरं पडलेलं.

"बस."

"कोण, मी?"

"दुसरं कोण आहे इथे? तुझ्या नावाची आहे ना?"

"अहो, मी अडतीस वर्षांची बाई. लोक काय म्हणतील?"

"लोक झोपलेत," विएन म्हणाला. "बस, लुआ. मला नाही जमणार. मी करून पाहिलं. एक पाय पायडल खाली दाबतो, पण तोल सांभाळायला दुसरा लागतोच, तो मी आणू कुठून? पण शिकवता मला येतं. चौदा गावांत माझ्यासारखी सायकल कुणी चालवत नव्हतं."

ती बसली. कुबड्यांवर उभ्या माणसाला मागून कॅरिअर धरता येत नाही, त्यामुळे त्याने तिला तोंडानेच शिकवलं. अंगणाच्या मधोमध उभा राहून तो सांगायचा आणि ती भोवताली गोल फिरायची, पडायची, उठायची. खाली बघू नकोस. चाकाकडे नको, माझ्याकडे बघ. पडतेस त्या बाजूला हॅंडल वळव, उलटं नाही. तिला वाटे हा वेडा झालाय, पडते त्याच बाजूला कोण वळवतं? पण तसं केल्यावर सायकल खरंच सावरायची. लग्नाच्या सोळा वर्षांत तो तिच्याशी जेवढं बोलला नसेल तेवढं त्या नऊ दुपारी बोलला. एकदा तर ओरडलासुद्धा, आणि ओरडून झाल्यावर दोघं एकमेकांकडे बघत राहिली, कारण त्या घरात पुष्कळ वर्षांत कुणी ओरडलं नव्हतं.

दहाव्या दुपारी ती अंगणाबाहेर पडली, वळणाला थांबता आलं नाही म्हणून सरळ बंधाऱ्यावर चढली आणि पार देवळापर्यंत जाऊन आली. परतली तेव्हा विएन जागच्या जागी उभा होता, घामाने निथळत. ती थांबू शकली नाही. त्याच्याभोवती आणखी दोन फेऱ्या मारून शेवटी कडेच्या पेंढ्याच्या ढिगात घुसली. ढिगातून बाहेर येऊन ती म्हणाली, उद्या तुम्ही मागे बसायचं.

त्याने नको म्हटलं. तिने एकदाच सांगितलं की आपण सायकल खांद्यावरून आणली तेव्हा ती कुणासाठी आणली होती. मग तो बसला. कुबड्या हॅंडलला बांधल्या आणि एका पायाचा माणूस एका बाजूने हलका असतो, म्हणून डावीकडे विणलेल्या चटयांचं भेंडोळं लटकवलं. होडीत सायकल चढवताना होडीवाल्याने या वेळी थट्टा केली नाही. वल्हं ठेवून त्याने विएनला हात दिला आणि पोस्टमनदादा म्हणून हाक मारली. ती हाक गावात कुणी नऊ वर्षांत मारली नव्हती.

चटया विकायला म्हणून विएन गिरणीच्या फाटकासमोर बदामाच्या झाडाखाली बसू लागला. चटया खपत, पण फाटकातून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या सायकली तो जास्त बघे. कुणाची चेन सैल, कुणाचं चाक घासतंय. तो सांगायचा, मग हात लावून द्यायचा. तोआन साहेबांनी गिरणीच्या भंगारातला एक पंप मिळवून दिला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत चटया बंद झाल्या. पाळी सुटली की त्याच्यासमोर सायकलींची रांग लागे. पंक्चर काढता काढता तो प्रत्येकाला त्याच्या टायरचा इतिहास विचारायचा, कुठल्या साली चिठ्ठीत लागला, कशाच्या बदल्यात आणला. ज्यांच्याकडे अर्धीच सायकल होती त्यांची जोडणी तो मनात ठेवायचा. तुझ्याकडे आरे आहेत, मिलच्या दवाखान्यातल्या नर्सकडे धाव आहे, जाऊन बोल तिच्याशी. अशा किती सायकली त्याने उभ्या केल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. लुआची पाळी संपली की ती येऊन शेजारी बसे, कोमट हिरवा चहा पीत, आणि शेवटचं चाक होईपर्यंत दोघं तिथेच असत. लुआला पुढे कधी सुखाचे दिवस म्हटलं की तेच दिवस आठवत. पोटात ज्वारी, अंगावर ठिगळं, आणि आजूबाजूला पंपाचा तो फुसफुस आवाज.

त्राक मिस्त्रींची आई गेली तेव्हा त्यांनी सायकल न्यायचं थांबवलं. टायर परत घ्या, असं लुआने म्हणून पाहिलं. ते नुसते हसले.

मग एकोणनव्वद साल आलं आणि कुपनं बंद झाली, हवी ती वस्तू पैसे देऊन मिळू लागली. आधी कुणाचा विश्वास बसेना. नव्वदच्या नववर्षाच्या सणाआधी विएन म्हणाला, चल, बघून तर येऊ. दोघं शहरातल्या मोठ्या दुकानात गेली. काचेमागे सायकली उभ्या होत्या, निळ्या, लाल, हिरव्या, एकीला लागून एक, सगळ्यांना टायर, काळेभोर, टायरांवर रबराचे बारीक केस अजून तसेच. दुकानात माणसं नव्हती. काउंटरवरची मुलगी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. कुठली हवी, तिने विचारलं, वाटेल ती घ्या.

विएनने एका सायकलचं पुढचं चाक बोटाने फिरवलं आणि कान लावला. चांगली आहे, म्हणाला. घ्यायची का? पैसे होते. आपली आता नऊ वर्षांची झाली.

लुआ त्या रांगेकडे बघत राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता आणि होतही होता, पण त्याबरोबर काहीतरी हरवल्यासारखंही वाटत होतं, आणि ते कुणाला सांगावं असं नव्हतं. ज्वारी खाल्लेल्या दिवसांची कुणाला हुरहुर लागते का? तिने त्या मुलीला विचारलं, चिठ्ठी नाही उचलायची? मुलीला प्रश्न कळला नाही.

"आज नको," लुआ नवऱ्याला म्हणाली. "आज नुसतं बघू."

मग दोघांनी कोपऱ्यावरच्या दुकानात बसून मांसाचं गरम सूप खाल्लं, भरपूर कोथिंबीर घालून. विएनने दुसरा वाडगा मागवला. जेवून झाल्यावर तो कॅरिअरवर बसला, लुआने पायडलवर पाय ठेवला, आणि दोघं नदीच्या रस्त्याला लागली.