चौदा नंबरच्या चादरी

“तीन चादरी कमी आहेत,” सुमेधा मॅडम म्हणाल्या. “मी दोनदा मोजल्या. पलंगावरच्या, कपाटातल्या आणि लाँड्रीत गेलेल्या, सगळ्या धरून.”

दर्शनाने इस्त्री उभी करून ठेवली. मुली वर्गात गेल्या होत्या आणि त्या वेळी कपड्यांच्या खोलीत तिच्याशिवाय कोणी पाऊल टाकत नसे. गिरगाव चौपाटीमागच्या चढावरच्या या शाळेत बावीस वर्षं ती मुलींच्या बोर्डिंगची मॅट्रन होती. आधीच्या मॅडमना मुली चादर अंगावर घेतात की अंगाखाली, एवढीही चौकशी नव्हती. सुमेधा मॅडम गेल्या जूनमध्ये पुण्याहून बोर्डिंगच्या प्रमुख म्हणून आल्या आणि आल्यापासून मोजतच सुटल्या होत्या. उशा मोजून झाल्या, बादल्या झाल्या, आता फेब्रुवारीत चादरींची पाळी आली.

“असतील इकडेतिकडे,” दर्शना म्हणाली.

“इकडेतिकडे नाहीत. तुमच्या बॅगेत होत्या.” मॅडमचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे आणि तेच दर्शनाच्या डोक्यात जाई. “गेल्या शनिवारी तुम्ही घरी निघालात तेव्हा एका मुलीने पाहिलंय. काल येऊन मला सांगितलं तिने.”

“ऋताने ना?”

मॅडमनी हातातल्या टॅब्लेटवर नजर वळवली. म्हणजे ऋतानेच. दर्शनाच्या अंगाचा तिळपापड झाला. बत्तीस मुली होत्या बोर्डिंगमध्ये. त्यांतल्या एकतीस जणींनी चुगली केली असती तरी तिला एवढं लागलं नसतं. चादरी ऋताच्याच होत्या.

ऋता नववीत होती. पलंग नंबर चौदा. हॉकीच्या टीमची कॅप्टन आणि जिभेचा पट्टा चालवणारी. दर्शना “ए पोरींनो, चला गो” म्हणाली की तिची हुबेहूब नक्कल करून सगळ्या डायनिंग हॉलला हसवायची. बाप सिंगापूरला, आई बंगळूरला आणि दोघांचे वकील मुंबईत, अशी घरची तऱ्हा. दिवाळीची सुट्टी संपवून आली ती एक दुखणं घेऊनच. आठवड्यातून दोनदा-तीनदा तिचं अंथरूण ओलं व्हायला लागलं.

दर्शनाला ते पहिल्याच पहाटे कळलं. उठायच्या घंटेआधी ती एक फेरी मारी. तेव्हापासून चौदा नंबरपाशी थांबून ती मुलीच्या खांद्याला नुसता हात लावायची. ऋता उठून न्हाणीघरात जायची आणि परत येईपर्यंत पलंगावर कोरडी चादर असायची. तीन महिन्यांत या विषयावर दोघींत एक शब्द झाला नव्हता. लाँड्रीवाला डागाच्या चादरी वेगळ्या काढून त्यांचे नंबर शाळेला कळवायचा, म्हणून चौदा नंबरच्या चादरी लाँड्रीत जातच नव्हत्या. शनिवारी त्या दर्शनाबरोबर काळाचौकीला तिच्या घरी जायच्या आणि रविवारी धुऊन, वाळून परत यायच्या. गेल्या रविवारी चाळीत पाणीच आलं नाही. तीन चादरी घरी राहिल्या आणि नेमकी याच आठवड्यात मॅडमना मोजायची हुक्की आली.

“घरी का नेल्या?” मॅडमनी विचारलं.

“धुवायला. डाग होते.”

“कसले डाग? कोणाच्या चादरीवर?”

दर्शनाने इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली. मॅडमनी टॅब्लेट टेबलावर ठेवला. बाई काही मूर्ख नव्हत्या.

“दर्शनाताई, कोणी अंथरूण ओलं करत असेल तर त्याची नोंद व्हायला हवी. आपल्याकडे समुपदेशक आहेत, डॉक्टर आहेत. लपवणं म्हणजे मदत नव्हे.”

“नोंद केली होती मी. अनुजाची.”

“ते माझ्या आधीचं प्रकरण आहे.”

“म्हणून तर तुम्हाला माहीत नाही.”

अनुजा सहावीतली होती. दोन वर्षांपूर्वी नोंदींचं ते ॲप नवंनवं आलं, तेव्हा दर्शनाने नियमाप्रमाणे, स्वतःच्या बोटाने, तिच्या नावापुढे खूण केली. ती खूण बापाला गेली, वर्गशिक्षिकेला गेली आणि कुणाच्या तरी खांद्यावरून एका मोठ्या मुलीने वाचली. दुपारच्या जेवणाला अनुजा पंगतीत बसली तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुली नाक धरून उठल्या. आठ दिवसांत ती शाळा सोडून गेली. तिची पेटी गेटपर्यंत दर्शनानेच नेली होती. पेटी जड नव्हती, पण त्या चढाचा तिला तेवढा एकदाच दम लागला.

“सोमवारी तिन्ही चादरी घेऊन या,” मॅडम म्हणाल्या. “कोपऱ्यात नंबर असतातच. पाहिले की मला मुलगी कळेल, तिची व्यवस्था होईल आणि तुमच्यावरचा संशयही जाईल. आणल्या नाहीत तर मला चोरी समजावी लागेल. तुम्हीच ठरवा.”

नंबर असायचेच. दर जूनमध्ये लाल दोऱ्याने ते दर्शनाच घालायची, प्रत्येक चादरीच्या डाव्या कोपऱ्यात, बारीक साखळी टाक्याने.

चहाच्या सुट्टीत ऋता कपड्यांच्या खोलीच्या दारात आली. आत आली नाही.

“मॅडमना काय सांगितलं तुम्ही?”

“तू काय सांगितलंस ते मला कळलं,” दर्शना म्हणाली.

“मी खोटं नाही बोलले. तुमच्या बॅगेत चादरी होत्याच.”

“होत्या.”

“मग?” ऋताने हनुवटी वर केली. “आय मीन, मी तुम्हाला काही करायला सांगितलं नव्हतं. कधीच नव्हतं सांगितलं. रोज सकाळी तुम्ही माझ्याकडे असं बघता ना, मला ते सहन होत नाही. तुम्ही इथून गेलात ना, तर बरं होईल.”

दर्शनाचा हात शिवशिवला. एक सणसणीत ठेवून द्यावी आणि मग बावीस वर्षांचं काय व्हायचं ते होवो, असं क्षणभर वाटलं. पोरीच्या खालच्या ओठाची साल निघाली होती. चावून चावून.

“जा, चहा निवतोय,” ती म्हणाली.

शनिवारी दुपारी काळाचौकीला पोचली तेव्हा चादरी गॅलरीच्या दोरीवर वाळून घडी घालून ठेवलेल्या होत्या. पाणी आलं तेव्हा तिच्या नवऱ्याने, दीपकनेच, त्या धुतल्या होत्या. तसा तो हाताने मदत करणारा आणि तोंडाने ती वसूल करणारा माणूस होता. दर्शनाने जेवतानाच सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग अडलंय काय, सोमवारी चादरी टाक मॅडमच्या पुढ्यात आणि मोकळी हो. दर्शनाने ताट घासलं, चादरी घेऊन खिडकीपाशी बसली आणि ब्लेडने पहिल्या कोपऱ्यातला एक टाका उचकला.

“ह्या काय करतंस?” दीपक ओरडला. “खुळी की काय गो तू?”

“नंबर काढतेय.”

“अगं, नंबर काढलेली चादर म्हणजे चोरीचीच चादर. शेंबडं पोर पण सांगेल. तोच नंबर तुला सोडवणार आणि तोच तू काढतेस?”

“माहितीये मला.”

“मग नेऊच नकोस ना. हरवल्या म्हणून सांग.”

“नाही नेल्या तर त्या बाई राहिलेल्या चादरी एकेक उलगडतील, कोणाच्या कमी आहेत ते बघतील. हातात आयता चोर आला की नव्वद चादरी उलगडत कोण बसतंय?”

“आणि त्या पोरीने तुझंच नाव घेतलं. मेडल देतली काय तुका ती?”

“तिचं तोंड बघायची इच्छा नाही मला,” दर्शना म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. ऋताचा तिला मनस्वी राग आला होता. त्या पोरीसाठी हे चाललंय असं कोणी म्हटलं असतं तर ब्लेड घेऊन अंगावर गेली असती. पण एकदा तिने खूण केली होती आणि पुन्हा करायची नव्हती. दीपकला हे समजावून सांगायला लागलं असतं तर संध्याकाळ गेली असती, म्हणून तिने सांगितलं नाही. एक दोरा निघाला, की कापडावर भोकांची ओळ राहत होती. तिने नखाने घासून घासून ती बुजवली, वर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली. साखळी टाका उसवायला सोपा, एक टोक सापडलं की सरसर निघतो. पण तिला टोकाला दोन गाठी मारायची सवय होती आणि आज तिलाच त्या सुटता सुटत नव्हत्या. दीपक तोंड फिरवून टीव्हीसमोर बसला. तिसरी चादर झाली तेव्हा त्याने न विचारता चहा टाकला, पण बोलला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच.

सोमवारी सुमेधा मॅडमनी तिन्ही चादरींचे चारही कोपरे उलटून पाहिले. पुन्हा पाहिले. मग चष्मा काढला.

“नंबर कुठे गेले?”

“काढले.”

“कोणी?”

“मीच घातले होते. मीच काढले.”

“याचा अर्थ काय होतो, कळतंय ना तुम्हाला?” पहिल्यांदाच त्या बाईंचा आवाज जरा हलला. “मी तुम्हाला वाट काढून दिली होती. अजूनही नाव सांगा.”

दर्शना खिडकीबाहेर बघत राहिली. पूर्वी तिथून समुद्र दिसायचा. आता समोर टॉवर झाला होता आणि समुद्र टॉवरवाल्यांना दिसत होता.

“तुमच्या मनात जे आलंय ते लिहा, मॅडम,” ती म्हणाली.

मॅडमनी लिहिलं. शाळेचं नाव जायला नको म्हणून पोलिसांत जायचं नाही, दर्शनाने राजीनामा द्यायचा आणि दुपारपर्यंत नव्या मॅट्रनला काम समजावून निघायचं, असं ठरलं. निघण्यापूर्वी गेटवर सामानाची तपासणी होईल, हेही मॅडमनी सांगितलं. सांगताना त्यांनी मान खाली घातली होती.

एजन्सीने तातडीने पाठवलेली नवी मॅट्रन अपूर्वा तिशीची होती, हातात वही घेऊन आली होती. दोघी पलंगांच्या मधून फिरत गेल्या. दर्शना सांगत होती आणि अपूर्वा लिहीत होती. तीन नंबरला शेंगदाणे चालत नाहीत. सात नंबर झोपेत बडबडते, उठवायचं नाही. अकरा नंबर आईचा फोन झाला की जेवत नाही, तेव्हा तिच्यासाठी दूध झाकून ठेवायचं. ऋता हॉकीचे बूट घ्यायला आली होती. ती आपल्या पलंगापाशी वाकली आणि तशीच थांबली.

“आणि चौदा?” अपूर्वाने विचारलं.

“चौदा नंबर तोंडाने फटकळ आहे,” दर्शना म्हणाली. “मनावर घ्यायचं नाही. घंटेआधी सगळ्यांच्यातून एक फेरी मारत जा. तिला नुसता हात लावायचा, हाक मारायची नाही. काही दिसलं तर आपल्या हाताने आवरायचं आणि गप्प बसायचं.”

“हे काय लिहू?”

“हे लिहायचं नाही.”

अपूर्वाचं पेन कागदावर टेकलेलं होतं. तिने एकदा दर्शनाकडे पाहिलं, एकदा पलंगाशी वाकलेल्या मुलीकडे पाहिलं आणि पान उलटलं. “बरं, पंधरा?” ती म्हणाली. ऋता बूट घेऊन बाहेर गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

गेटवर जयवंत होता. शाळेचा जुना वॉचमन, लालबागचा. त्याच्यापुढे तपासणीचं रजिस्टर उघडं पडलं होतं आणि तो दुसरीकडेच बघत होता.

“ताई, जावा तुम्ही. मी लिहितो बरोबर.”

“न बघता लिहिलंस तर उद्या तुला विचारतील. उघड.”

“माझ्याच्याने नाही होणार.”

मग तिनेच बॅग टेबलावर ठेवली आणि चेन ओढली. हॉकीच्या मुली रांगेने मैदानाकडे निघाल्या होत्या, त्या गेटपाशी रेंगाळल्या. दर्शनाने एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. दोन साड्या, टॉवेल, चष्म्याचं घर, रक्तदाबाच्या गोळ्या, सुईदोऱ्याचा डबा. डबाही उघडून दाखवला. रांगेतून कोणीतरी तिच्या आवाजात “चला गो पोरींनो” म्हटलं आणि सगळ्या हसल्या. ऋताही हसली. ती एकटी गप्प राहिली असती तर बाकीच्यांनी विचारलं असतं, तुला काय झालं म्हणून. दर्शनाला ते कळलं आणि तरीही ते हसू तिला लागायचं ते लागलंच.

मुली पुढे गेल्या. तिने रिकामी बॅग उलटी करून झटकली.

“आता लिही,” ती जयवंतला म्हणाली. “काही सापडलं नाही.”

त्याने लिहिलं. तिने ते वाचून पाहिलं, खाली सही केली आणि साड्यांच्या घड्या नीट घालून बॅग पुन्हा भरायला घेतली.