बाहेरचा नळ

सकाळी आठ वाजता काजाहून फोन आला: गाडीत पाणी राहत नव्हतं. सकाळी टाकीत भरलेलं सगळं खाली सांडलं होतं आणि चाकांभोवती त्याचा बर्फ झाला होता.

फोन चन्नाप्पांचा होता. एसटीतून निवृत्त झालेले चालक, ऐन जानेवारीत बायको चन्नम्मांना घेऊन झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतून हिमाचलात काजापर्यंत गेलेले. गाडी बांधली होती कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या सम्मेदनं. चन्नाप्पांचा मुलगा वीरेश शेजारच्या फौंड्रीत कामाला; तो फोन स्पीकरवर ठेवून सम्मेदच्या शेडमध्ये पळत आला.

"अप्पा, पाणी गोठून फुटलं असणार. रात्री टाकी रिकामी केली न्हाय तुम्ही," सम्मेद म्हणाला.

"केलती की."

"मग पुरी केली नसणार. सांगितलेलं ऐकायचं न्हाय, आणि मग..."

"म्हटलं हुतं न्हवं, ह्या वयात झेपायचं न्हाय तुम्हाला!" वीरेश ओरडला. शेडमधले वेल्डर हसले.



"चुकलं असंल माझंच," चन्नाप्पा म्हणाले.

तासाभरानं चन्नम्मांनी सम्मेदला फोटो पाठवला. बाहेरच्या नळाचा पाइप वळणावर फुटला होता. पाय धुऊन गाडीत चढता यावं म्हणून हा नळ सम्मेदनंच सुचवला होता. टाकीला त्यानं जाड आवरण घातलं, शेजारी हीटर बसवला. या पाइपला मात्र आवरण नव्हतं, आतून बंद करायचा कॉकही नव्हता. टाकी रिकामी केली तरी वळणात पाणी राहायचं. तेच गोठून फुगलं होतं.

गाडी ताब्यात घेताना चन्नम्मांनी विचारलं होतं, "ह्या नळाचं काय?"

"मावशी, पाणी हाय ते. त्याला कानटोपी घालू व्हय?" सम्मेद म्हणाला होता. सगळे हसले होते, चन्नाप्पाही.

सम्मेदनं फोटो वीरेशपुढं धरला. "चूक माझी हाय."

"आणि मघाशी न बघताच बोललास?"

सम्मेदनं फोटो मोठा करून पुन्हा बघितला.

"मी बी बोललो की," वीरेश म्हणाला आणि फोन लावला. लागला नाही.

दुपारी चन्नम्मांचा संदेश आला. गाडी एका हॉटेलच्या आवारात लावली, चावी मालकाकडं दिली, उद्या सकाळच्या बसनं निघतोय. आता पुन्हा स्टिअरिंग धरणार न्हाय म्हणतात.

उभ्या नोकरीत चन्नाप्पांनी एकही गाडी वाटेत सोडलेली नव्हती.

सम्मेदनं चन्नाप्पांना सगळं खरं लिहून पाठवलं. संध्याकाळपर्यंत त्या संदेशापुढं एकच टिक होती.