लोटांगण घालणारे खांब

उचगावच्या कडेला अंगणवाडीचा पाया खणताना मातीखाली सात दगडी खांब निघाले आणि गावाचं डोकं फिरलं. साती खांब आडवे, साऱ्यांची डोकी वायव्येला, म्हणजे नेमकी जोतिबाच्या डोंगराकडं. दुसऱ्या दिवशी कुठूनसे अचलबाबा हजर झाले.

"दगडांनी लोटांगण घातलंय, पावणं. ही जमीन बांधल्याली हाय. हितं धरणी हलायची न्हाय," बाबा डोळे मिटून म्हणत, आणि माणसं खांबांना हळदकुंकू फासत.

सरपंच अण्णासोंनी लगेच ठरवलं, अंगणवाडी शेजारच्या मोकळ्या जागेत बांधायची आणि तिच्यासाठी आणलेले लोखंडी गज खांबांपाशी उभारायच्या बाबांच्या सभामंडपाला द्यायचे.

"धरणीच हलायची न्हाय, तर पोरांच्या खोलीला गज कशाला?" ते म्हणाले.

अंगणवाडीसेविका अंजनाला हे पटलं नाही. नुसत्या विटांच्या त्या खोलीत बावीस पोरं बसणार होती आणि त्यांत तिची लेक प्रीतीही होती. तिनं कॉलेजात पुरातत्त्व शिकवणाऱ्या तेजस्वी मॅडमना बोलावलं. मॅडम दोन दिवस ब्रश घेऊन खड्ड्यात वाकून बसल्या. भक्तीण समजून बाबांनी त्यांनाही प्रसाद पाठवला.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी गावाला खड्ड्याच्या काठावर उभं केलं.

"खांबाखाली चूल आहे. चुलीवर चेपलेलं मडकं, त्यात जळका जोंधळा. शिजत्या मडक्यावर कुणी लोटांगण घालतं का?"

कोणीतरी फिसकन हसलं.

"फरशी मधोमध फाटलीय, अर्धी वीतभर खाली गेलीय. घर जुनं होऊन ढासळलं असतं, तर खांब एकेक करून वाटेल तिकडं पडले असते. हे एका दमात, एकाच अंगाला पडलेत. इथं मोठा भूकंप झालाय."

"बुकं वाचून द्येव कळत न्हाय," बाबा गुरगुरले.

अंजनानं पाट आणला, त्यावर पोरांचे लाकडी ठोकळे उभे केले आणि पाटाला हिसका दिला. सगळे ठोकळे एकाच बाजूला आडवे.

"बाबा, हेबी डोंगराकडंच पडलं की. ह्यास्नी दीक्षा कुणी दिली?"

तिनं पाट फिरवून पुन्हा हिसका दिला. या खेपेला ठोकळ्यांनी रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉलीला लोटांगण घातलं.

"आणि येकच इचारते. धरणी हलायची न्हाय म्हंता, मग तुमच्या मंडपाला गज कशाला पायजेत?"

बाबांनी डोळे मिटले.

सत्तरीच्या झुंबरबाई पुढं झाल्या. "कोयनेच्या भूकंपाला धाकट्या भावाला काखंत मारून मी बाहीर पळाल्याली हाय. अण्णासो, धरा त्या गजाचं टोक."

अण्णासोंनी टोक धरलं. गज शेजारच्या मोकळ्या जागेत, अंगणवाडीच्या नव्या पायापाशी गेले.

पुढचा भूकंप कधी येईल ते तेजस्वी मॅडमही सांगू शकत नाहीत. पण एकदा तो येऊन गेलाय, हे चुलीवरच्या मडक्यानं सांगितलं, आणि जिथं एकदा आला तिथं तो पुन्हा येऊ शकतो. तेव्हा हात जोडायचे तर खुशाल जोडा. पोरांच्या भिंतीत गज मात्र घाला.